पंज्यातलं ते वाटोळं

उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मी तो बरेच दिवस अंगावर काढला. आमच्या कामात खांदा दुखतोच. दुबईत, सतव्यातल्या एका एम्ब्रॉयडरीच्या दुकानात मी पंचिंग करते. म्हणजे कुणी चित्र आणून दिलं की कॉम्प्युटरवर त्याचे टाके पाडायचे. धागा कुठून निघेल, कुठल्या दिशेनं पडेल, कुठे तुटेल, हे मशीनला आधीच सांगून ठेवायचं. शाळांच्या युनिफॉर्मवरची चिन्हं, हॉटेलातल्या वेटरांच्या टोप्या, कंपन्यांचे शर्ट. दिवसभर हातात माउस. शेवटी ओढणी डोक्यावर घ्यायलाही हात वर जाईना, तेव्हा नवऱ्यानं मरीनातल्या एका क्लिनिकची अपॉइंटमेंटच घेऊन टाकली आणि इन्शुरन्सचं कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवलं.

तिथली फिजिओ हंगेरीची होती. हंगेरी नकाशात दाखव म्हटलं असतं तर माझं बोट दोन-तीन देशांवर फिरलं असतं. ती माझ्याच वयाची, उंच, केस आखूड कापलेले, आणि अंगठे असे की हाडाला जाऊन भिडायचे. तिचं इंग्रजी कामापुरतं, माझंही कामापुरतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. एकमेकींसमोर चुकायची लाज वाटत नसे.

उपचाराला मला डाव्या कुशीवर झोपवत. त्या कुशीवरून समोरची एक फळी दिसायची. तेलाच्या बाटल्या, टिश्यूचा डबा, आणि त्यामागे पितळी दांडीला लटकवलेलं एक छोटं निशाण. मी दिवसभर चिन्हंच बघणारी बाई, त्यामुळे नजर तिथेच जायची. निळं आणि पांढरं. आपले झेंडे आडवे असतात; हे उभं लांबडं, ओल्या टॉवेलसारखं खाली लोंबणारं, तळाला सोनेरी झालर. मधे ढाल. ढालीत खाली हिरवी जमीन, आणि त्या जमिनीवर एक पांढरा पक्षी एका पायावर उभा. दुसरा पाय वर उचललेला, आणि त्या पंज्यात काहीतरी वाटोळं धरलेलं.

पहिल्या दोन खेपांना मी गप्प राहिले. तिसऱ्या खेपेला राहवेना.

"तो बगळा काय धरून उभा आहे?"

"बगळा नाही, क्रेन," ती म्हणाली. क्रेन म्हणजे मला बांधकामावरची आठवली. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा कळलं, आपल्याकडे पुस्तकात क्रौंच म्हणतात तो. मी मनात बगळाच म्हणत राहिले. "हे आमच्या गावाचं चिन्ह. कागदोपत्री शहर, पण एकच मोठा रस्ता, एक पिवळं चर्च, नगरपालिका, आणि गरम पाण्याचं एक तळं, तिथे म्हातारी माणसं गुडघे शेकायला येतात."

"आणि पायात?"

तिचा अंगठा माझ्या खांद्याच्या पात्यावर थांबला. ती फळीपर्यंत गेली, निशाण उजेडात धरलं, डोळे बारीक केले.

"मी हा पक्षी शाळेच्या वहीवर पाहिला, पाण्याच्या बिलावर पाहिला, कचऱ्याच्या डब्यावर पाहिला," ती म्हणाली. "पायात काय आहे हे कधी बघितलंच नाही. चेंडू असेल?"

"चेंडू कशाला असेल?"

"तेच तर," ती म्हणाली आणि हसायला लागली.

त्या दिवशी मेट्रोनं अल बर्शाला घरी परतताना मी तेच चघळत होते. अंडं? फळ? आमच्याकडे एका पायावर उभा असलेला बगळा म्हणजे लबाडीचा नमुना. खाडीच्या चिखलात डोळे मिटून उभा, जणू तस्बीचे मणी ओढतोय, आणि मासा टप्प्यात आला की गट्टम. असला प्राणी कुणी गावाच्या ढालीवर का बसवेल?

खरं तर गावाला निशाण असतं हीच गोष्ट मला नवी होती. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावाला पाटी आहे, एसटीचा थांबा आहे, बंदर आहे, निशाण नाही. बावटे मात्र होते. बंदरातल्या प्रत्येक मचव्याच्या डोलकाठीवर त्या त्या घराचा बावटा असे, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या बायका तो आधी ओळखत, मचवा नंतर. आमचा हिरवा, मधे पांढरा पट्टा. लहानपणी मी अब्बांना विचारलं होतं, आपला असाच का? काहीतरी मोठं उत्तर येईल म्हणून मी तोंडाकडे बघत राहिले. अब्बा म्हणाले, "दुकानात तेच कापड शिल्लक होतं." माझी फार निराशा झाली होती. पण तेव्हापासून कुठल्याही निशाणाकडे बघितलं की हे असंच का, हा प्रश्न मनात येतोच.

पुढच्या खेपेला फिजिओनंच विषय काढला. तिचे वडील हिवाळ्यात दुबईला येणार होते. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, आणि त्यांचा ऐंशीवा वाढदिवस इथेच व्हायचा होता. त्यांच्यासाठी तिला गावाचं मोठं निशाण करून हवं होतं, भरलेलं, छापलेलं नको. "तुझ्या मशीनवर होईल?"

"होईल. पण ते वाटोळं काय आहे ते मला सांगावं लागेल."

"चित्रात ते पांढरं आहे. पांढरंच कर."

मी तिला समजावलं. छापलेल्या चित्रात पांढरं म्हणजे नुसतं पांढरं. धाग्याचं तसं नसतं. धागा चमकतो, आणि ज्या दिशेनं टाका पडतो तसा आकार दिसायला लागतो. गोल गोल टाके घातले तर ते फुगून चेंडूसारखं, फळासारखं दिसेल. तिरके, आखूड, मोडते टाके घातले तर खडबडीत दिसेल. ढाल ताटाएवढी होणार, म्हणजे ते वाटोळं लिंबाएवढं. लिंबाएवढी वस्तू "काहीतरी" म्हणून भरता येत नाही.

"वडिलांना विचार," मी म्हटलं.

"मग सरप्राइज कसलं?" ती विचारात पडली. "काकांना विचारते. चिन्ह ठरवलं त्या कमिटीत ते होते. वडीलही होते."

मग तिनं मला थोडा इतिहास सांगितला. तिच्या लहानपणी गावाच्या पाटीवर हा पक्षी नव्हताच. लाल तारा होता आणि दातेरी चाक, तसंच शेजारच्या गावाला आणि त्याच्या शेजारच्या गावाला. मग राजवट बदलली, आणि सगळ्या गावांना आपापली जुनी चिन्हं परत हवीशी झाली. हिच्या गावात एक जुना शिक्का सापडला, लाखेवर उमटवायचा. त्यावर हा पक्षी होता. शिक्का नखाएवढा, तोही झिजलेला. वाचनालयात कमिटी बसली आणि त्यावरून चित्र तयार झालं.

"काका आणि वडील शेजारी राहतात?" मी सहज विचारलं.

"तीन रस्ते सोडून. पण बोलत नाहीत. मी शाळेत होते तेव्हापासून." ती माझा हात हळूहळू वर नेत होती. "आई म्हणायची, मोठ्यांच्या गोष्टी आहेत. मला वाटतं जमिनीवरून काहीतरी असेल. तुमच्याकडे असतं तसं?"

"आमच्याकडे जमिनीवरूनच असतं," मी म्हटलं.

तिनं काकांना फोन लावला तो माझ्यासमोरच. माझ्या खांद्यावर गरम पिशवी ठेवलेली, फोन स्पीकरवर. पलीकडून जाड, खोकल्यानं भरलेला आवाज. मला शब्द एक कळत नव्हता, पण आवाज आधी खूश होता, मग शांत झाला, मग चढला. ती "हो, हो" करत ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला. फोन ठेवून ती स्टुलावर बसली.

"पाव," ती म्हणाली.

"काय?"

"पंज्यात पाव आहे. गोल पाव. काका म्हणतात, दुष्काळात आमच्या गावानं आजूबाजूच्या गावांना पाव पुरवला, म्हणून पक्षी पाव घेऊन उभा आहे." तिनं पुढचं सांगितलं. "आणि म्हणाले, तुझ्या बापाला विचार, तो म्हणेल दगड. त्यावरूनच तर आम्ही बोलत नाही."

एवढी वर्षं तिनं जमीन, वाटणी, राजकारण, काय काय कल्पना केली होती, आणि निघालं हे.

"काका काय काम करायचे?" मी विचारलं.

"बेकरी होती त्यांची."

"आणि वडील?"

ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "रेल्वेत. फाटकावर. रात्रपाळी."

दगडाचा आणि रेल्वेच्या फाटकाचा संबंध मला तेव्हा कळला नाही. तो कळला घरी, माझ्या लेकीमुळे. ती दहावीत. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा संसार आहे. जेवताना मी सगळी हकिगत सांगितली. तिनं पानावरून हात न उचलता डाव्या हातानं फोनवर शोधलं.

"मम्मी, इट्स अ स्टोन. ऑब्व्हियसली."

"कशावरून?"

तिनं वाचून दाखवलं. युरोपात कितीतरी ढालींवर असा क्रौंच आहे. जुनी समजूत अशी की रात्री सगळे क्रौंच झोपतात तेव्हा एक जण पहाऱ्याला उभा राहतो. त्याला डुलकी लागू नये म्हणून तो एका पायात दगड धरतो. डोळा लागला की पंजा सैल पडतो, दगड पडतो, आणि तो जागा होतो.

माझा नवरा जेवता जेवता थांबला. "याला म्हणतात ड्यूटी," तो म्हणाला. मरीनाजवळच्या जेएलटीतल्या ऑफिसात जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये त्याला हमखास डुलकी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे.

मी मात्र त्या पक्ष्याचाच विचार करत होते. तोच पक्षी, तसाच एका पायावर, तसाच निश्चल. आम्ही खाडीवर उभं राहून म्हणालो लबाड. तिकडच्या लोकांनी त्याच पवित्र्यात राखणदार बघितला. आणि त्याच गावातल्या बेकरीवाल्याला त्याच्या पंज्यात पाव दिसला.

दुसऱ्या दिवशी मी फिजिओला फोन करून दगडाचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वडील बरोबर होते."

"पुस्तकाप्रमाणे बरोबर."

"आणि काका?"

"ते मला विचारू नकोस. वाढदिवस कुणाचा आहे?"

"वडिलांचा."

"मग दगड."

मी असं पटकन बोलून मोकळी झाले, पण फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. काकांनी शेवटी विचारलं होतं, हे कुणासाठी चाललंय. मी म्हटलं वडिलांसाठी. तर म्हणाले, मग झालर नीट सोनेरी लावायला सांग, पिवळी नको. पिवळी लावली तर त्याला आवडणार नाही."

आमच्या दुकानात तो नेमका घाईचा मोसम. नोव्हेंबरात झेंडा दिन, लगेच डिसेंबरात नॅशनल डे. लाल, हिरवं, पांढरं, काळं कापड छतापर्यंत रचलेलं. शेठ हैदराबादी, मला आपा म्हणतात. माझ्या स्क्रीनवर निळ्या निशाणावरचा पांढरा पक्षी बघून ते चमकले. "आपा, ये कौन से मुल्क का है? यल्ला, पहले अपने झेंडे खलास करो." मी म्हटलं, दुपारच्या सुट्टीत करते. मग तेच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायला लागले, आणि पंज्यातला दगड किती मोठा हवा यावर रोज वेगळं मत द्यायला लागले.

दगडापेक्षा जास्त त्रास दिला अक्षरांनी. ढालीच्या वर कमानीसारखं गावाचं नाव होतं, आणि एका अक्षराच्या डोक्यावर दोन तिरक्या रेघा. मला त्या छापताना फाटलेल्या वाटल्या म्हणून मी त्यांचे दोन गोल ठिपके केले. फिजिओला नमुना पाठवला तर तिचा लगेच फोन आला. ठिपके वेगळे, रेघा वेगळ्या! ठिपक्यांचा उच्चार छोटा, रेघांचा लांब. ती हे समजावायला इतकी धडपडत होती आणि मला इकडे हसू येत होतं. अगं, हे तर ऱ्हस्व-दीर्घ! शाळेत 'पाणि' आणि 'पाणी' यावरून मी बाईंचा मार खाल्लेला. हंगेरीतल्या गावावरून पुन्हा तीच वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी ठिपके काढून रेघा घातल्या, दीर्घ.

दगडाला राखाडीच्या जवळ जाणारा पांढरा धागा घेतला, तिरके, आखूड टाके, आणि एका बाजूला जरा गडद छटा. मशीनमधून तो पहिल्यांदा उमटला तेव्हा शेठनी बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "वजन है." झालर सोनेरीच लावली.

फिजिओचं म्हणणं होतं निशाण बाल्कनीत लावू. मी म्हटलं, बाहेर नको, इथे दुसरे झेंडे बाहेर लावलेले चालत नाहीत, बिल्डिंगवाले वर येतील. मग तिनं ते हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलं आणि त्यावर चादर टाकून ठेवली.

वाढदिवस शनिवारी दुपारी होता. जेएलटीतलं तिचं घर, खाली तळं, समोर मनोऱ्यांच्या काचा. मी आणि माझी लेक गेलो. फिजिओनं दारातच सांगितलं, चिकन हलाल आहे, पाकीट ठेवलंय, बघून घे. वडील सोफ्यावरून उठले. लहानखुरे, पाठ ताठ, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. माझ्यासमोर येऊन ते काहीतरी पुटपुटले. फिजिओ भाषांतर करत म्हणाली, "ते म्हणतायत, तुमच्या हाताचं चुंबन घेतो. जुनी पद्धत आहे, नुसतं म्हणतात, खरंच घेत नाहीत." मी छातीवर हात ठेवून मान लववली. त्यांनीही लगेच तसंच केलं. दोघांचंही बरोबर झालं.

चादर काढली. त्यांनी चष्मा बदलला. आधी वरची अक्षरं बघितली, तिरक्या रेघांवर बोट ठेवलं. मग झालर मुठीत धरून बघितली. मग पक्षी. बोट पायावरून सरकत पंज्याकडे गेलं आणि थांबलं. पुन्हा एकदा, नखानं, टाके खरवडल्यासारखं.

"दगड," ते म्हणाले. हा शब्द तोवर मला हंगेरियनमध्येही कळायला लागला होता.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. ऐंशी वर्षांचा तो माणूस प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून निशाणापाशी नेत होता आणि दगड दाखवत होता. माझ्या लेकीलाही नेलं. तिला एक पाय वर करून उभं राहून दाखवलं, डोळे मिटले, मान डुलली, हात उघडला, आणि "टॉक!" असा आवाज तोंडानं काढला. मग दचकून जागे झाले. लेक खदखदून हसली. त्यांनी सांगितलं, फाटकावरच्या रात्री ते हातात किल्ल्यांचा जुडगा धरून बसत. डुलकी लागली की तो जमिनीवर पडे. त्यांच्या फाटकावर कधी काही अपघात झाला नाही. कमिटीत लाखेचा तो शिक्का भिंगाखाली ठेवला, तेव्हा त्यांना दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

"आणि भावाला?" मी फिजिओला हळूच म्हटलं. तिनं ते विचारलं.

त्यांचा चेहरा एकदम मिटला. भाऊ म्हणाला होता, उपाशी गावाच्या हातात दगड कोण देतं? आणि वडील सगळ्यांसमोर म्हणाले होते, याला चिन्ह नकोय, दुकानाची जाहिरात हवीय. कमिटीनं शेवटी ते वाटोळं पांढरंच ठेवलं, ज्याला जे बघायचंय ते बघू दे म्हणून. दोघंही वाचनालयातून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले.

तेव्हा फिजिओनं त्यांना झालरीचं सांगितलं. काकांनी फोनवर काय म्हटलं ते, जसंच्या तसं. वडिलांनी ऐकलं आणि ते केकचा तुकडा बशीत फिरवत राहिले. थोड्या वेळानं झालरीकडे एकदा बघितलं. आम्ही निघालो तेव्हाही ते तसेच बसलेले होते. मला वाटलं, झालं, एवढ्या आनंदावर पाणी पडलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी दुकानाचं दार ढकलून बापलेक आत आले. वडिलांनी आल्याआल्या सगळी मशीनं बघून घेतली. सुया एकत्र वर-खाली होताना बघून शिट्टी वाजवली. शेठनी त्यांच्यासाठी कॅफेटेरियातून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, मागवला. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि लेकीला बोलायला सांगितलं.

"त्यांना आणखी एक निशाण हवंय," फिजिओ म्हणाली. "पावाचं."

माझा विश्वास बसेना. "त्यांनाच विचार, नक्की ना?"

त्यांनी हात पुढे करून शिवणाचा खडू मागितला. टेबलावर काळ्या कापडाचा तुकडा पडला होता, त्यावर त्यांनी एक गोल काढला, वरून जरा फुगलेला. मग त्यावर एक चीर. पुसली, पुन्हा काढली. चीर मधोमध नको, डावीकडे, आणि एका टोकाला किंचित वर वळलेली.

"असंच का?" मी विचारलं.

फिजिओनं त्यांचं उत्तर ऐकलं. "म्हणतात, काकांचा पाव असाच असतो. ते डावखुरे आहेत, सुरी तशी फिरते. आता बेकरी काकांचा मुलगा चालवतो, पण चीर अजून काका स्वतः मारतात."

"पण हे तर बोलत नव्हते ना?"

"बोलत नव्हते. पाव मात्र घरात तिथलाच यायचा. आई आणायची. आई गेली, आता शेजारीण आणते." तिनं वडिलांकडे बघितलं. ते खडूची बोटं रुमालाला पुसत होते. "मला वाटायचं गावात दुसरी बेकरी नाही म्हणून. दुसरी आहे. जवळ आहे."

मी ते निशाण केलं. पावाला गव्हाळ धागा घेतला, गोल गोल टाके, आणि डावीकडून वर जाणारी चीर. खरं सांगायचं तर ते दगडापेक्षा चांगलं उतरलं. दगड मी पुस्तकातल्या वर्णनावरून केला होता. हा ओळखीच्या माणसानं काढून दिला होता. वडील ते निशाण गुंडाळून, विमानात सामानात न टाकता, मांडीवर घेऊन गेले.

पुढे काय झालं हे कळायला माझी पुढची अपॉइंटमेंट यावी लागली. मी बूट काढायच्या आधीच विचारलं, "दिलं का?"

"दिलं." फिजिओनं कपाळाला हात लावला. "काकांनी उलगडून बघितलं, आणि माहितीये काय म्हणाले? हे आपल्या गावाचं निशाण नव्हे, आपल्या निशाणात ते पांढरं आहे, कमिटीनं तसा ठराव केलाय!"

"या अल्ला!"

"वडील चिडले. म्हणाले, मी तुझं ऐकलं तर तुला आता ठराव आठवला? काका म्हणाले, ठराव म्हणजे ठराव. दुपारपासून संध्याकाळपर्यंत बेकरीच्या मागच्या खोलीत बसून भांडले. काकूंनी दोनदा कॉफी दिली."

"म्हणजे बोलले."

"भांडले."

"अगं, समोरासमोर बसून भांडले म्हणजे बोललेच की!"

दर रविवारी वडील आता तिकडे जातात, ती म्हणाली, आणि दर रविवारी नवीन मुद्दा घेऊन येतात. मग तिनं फोनवर फोटो दाखवला. बेकरीची मागची भिंत, तिच्यावर माझ्या हातचं निशाण, आणि दोन्ही बाजूंना दोघं म्हातारे. हसत कुणीच नव्हतं. काका उंच, वडिलांपेक्षा चांगले हातभर, पण नाक तेच.

मी फोटो मोठा करून बघत राहिले. निशाणाच्या शेजारी भिंतीला टेकवून एक लांबच लांब दांडा ठेवलेला, टोकाला फावड्यासारखी चपटी फळी, जळून काळी पडलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"भट्टीतून पाव काढायचं. आता झोप, खांदा दाखव."

"एवढं लांब? भट्टी किती खोल आहे?"

"झोप," ती म्हणाली, "मग सांगते."